वेबकॅम घेताना मेगापिक्सेल नको, प्रकाश मोजा

वेबकॅमच्या खोक्यावर हल्ली सगळ्यात ठळक काय छापलेलं असतं? ‘४के’, ‘अल्ट्रा एचडी’, कधी कधी तर थेट ‘५० मेगापिक्सेल’. तो आकडा बघून कॅमेरा घेतला जातो. संध्याकाळी ट्यूबलाइटखाली कॉल लागतो आणि पलीकडच्यांना दिसतो मातकट, दाणेदार चेहरा आणि डोळ्यांच्या जागी दोन काळे डाग. मग खापर इंटरनेटवर फुटतं. खरं तर चित्र त्याच्या आधीच, सेन्सरवर म्हणजे कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या चिपवरच बिघडलेलं असतं.

आधी आकड्यांचा हिशोब उरकू. १०८०पी म्हणजे १९२० × १०८० पिक्सेल, एकूण सुमारे २०.७ लाख. म्हणजे दोन मेगापिक्सेलच्या जरा वर. ४के म्हणजे सुमारे ८३ लाख. व्हिडिओ कॉलमध्ये बहुतेक वेळा ७२०पी किंवा त्याहूनही कमी पाठवलं जातं, त्यामुळे बोलण्यापुरता १०८०पी कॅमेरा पुरून उरतो. स्वस्त कॅमेऱ्यावरचे ‘५० मेगापिक्सेल’ सहसा सॉफ्टवेअरने फुगवलेले असतात. शेजारच्या दोन पिक्सेलांच्या मधला रंग अंदाजाने भरायचा आणि त्याला नवा पिक्सेल म्हणायचं. त्यातून फाइल मोठी होते, चेहऱ्याबद्दलची माहिती एका कणानेही वाढत नाही. ही ग्राहकाची सरळ फसवणूक आहे.

मग दर्जा ठरतो कशावर? एका फ्रेमच्या वेळात सेन्सरवर किती प्रकाश पडतो, यावर.

सेन्सरचा प्रत्येक पिक्सेल हा प्रकाशकण मोजणारा काउंटर आहे. प्रकाशकण म्हणजे फोटॉन. तो सिलिकॉनवर आदळला की एक इलेक्ट्रॉन सुटतो, आणि फ्रेम संपली की साठलेले इलेक्ट्रॉन मोजले जातात. सेकंदाला ३० फ्रेम हव्या असतील तर मोजणीला फार तर १/३० सेकंद मिळतो. गोम पुढे आहे. फोटॉन रांगेत, ठरल्या वेळी येत नाहीत, ते वाटेल तसे येतात. चेहऱ्याचा एक भाग अगदी एकसारखा उजळलेला असला, तरी एका पिक्सेलमध्ये ३८५ पडतील, शेजारच्यात ४१२. सरासरी ४०० असेल तर हा चढउतार साधारण ४००च्या वर्गमुळाएवढा, म्हणजे २० असतो. प्वासाँ या फ्रेंच गणितज्ञाच्या नावाने ओळखलं जाणारं हे वितरण. ४००मध्ये २० म्हणजे ५ टक्के खडबडीतपणा. सरासरी १६०० झाली तर चढउतार ४०, म्हणजे अडीच टक्के. सरासरी १००वर उतरली तर १०, म्हणजे तब्बल १० टक्के. गालावर जे दाणे वळवळताना दिसतात ते हेच. कॅमेरा कितीही महाग असला तरी हा चढउतार टळत नाही, कारण तो प्रकाशाचाच गुण आहे. दाणे निम्मे करायचे तर प्रकाश चौपट हवा.

त्यात आणखी एक गळती. पिक्सेलला रंग कळत नाही, म्हणून प्रत्येकावर लाल, हिरवी किंवा निळी गाळणी बसवलेली असते. दोन हिरव्या, एक लाल, एक निळी ही मांडणी कोडॅकमधल्या ब्राइस बायर यांची, पेटंट १९७६चं. या गाळण्यांमध्ये आलेल्या प्रकाशाचा मोठा भाग वाया जातो.

आता सोनीचे दोन सेन्सर शेजारी ठेवून बघा, आयएमएक्स२९० आणि आयएमएक्स४१५. दोघांचाही आकार १/२.८ इंच. पहिल्यावर सुमारे २१ लाख पिक्सेल, प्रत्येकाची बाजू २.९ मायक्रोमीटर. दुसऱ्यावर सुमारे ८४ लाख, बाजू १.४५ मायक्रोमीटर. बाजू निम्मी म्हणजे क्षेत्रफळ पाव. त्याच खोलीत, तशाच लेन्सखाली दुसऱ्याच्या एका पिक्सेलला पाव फोटॉन मिळणार आणि दाणे दुप्पट दिसणार. मग ४के सेन्सर वाईटच का? नाही. त्याचे चार-चार पिक्सेल एकत्र करून १०८०पी चित्र बनवलं, तर चौघांचे फोटॉन मिळून बेरीज पुन्हा जवळपास तेवढीच होते. थोडा तोटा राहतो, कारण प्रत्येक पिक्सेल वाचताना इलेक्ट्रॉनिक्सची एक छोटी चूक होते आणि चार वेळा वाचलं की चार चुका मिसळतात. त्या कधी जास्त, कधी कमी अशा असतात आणि काही एकमेकींना खोडतात, म्हणून एकूण चूक चौपट नव्हे, दुप्पट (चारचं वर्गमूळ) होते. भरपूर उजेडात ती जाणवतही नाही, मिणमिणत्या उजेडात जाणवते. म्हणून पिक्सेल किती, यापेक्षा सेन्सरचं एकूण क्षेत्रफळ किती हे आधी विचारायचं.

ही माहिती खोक्यावर क्वचित असते. उत्पादनाच्या तपशिलात ‘सेन्सर’ या ओळीत १/४, १/२.८, १/२ असे आकडे शोधा. छेद जितका लहान तितका सेन्सर मोठा. हे इंच खरे इंच नव्हेत, जुन्या टीव्ही कॅमेऱ्यांतल्या काचेच्या नळीच्या बाहेरच्या व्यासावरून आलेलं ते माप आहे. १/२.८ इंच सेन्सरचा कर्ण प्रत्यक्षात साडेसहा मिलिमीटरच्या आत असतो. पाठोपाठ लेन्सचा एफ-आकडा बघा. तो जितका लहान तितकं लेन्सचं तोंड मोठं. एफ/२.८ऐवजी एफ/२.० असेल तर जवळजवळ दुप्पट प्रकाश आत येतो. जिथे दोन्ही आकडे दिलेलेच नाहीत, फक्त ‘४के’चा गजर आहे, तो कॅमेरा सोडून द्यावा. लॅपटॉपचा अंगचा कॅमेरा बहुधा कमी पडतो तोही याच कारणाने. झाकण जेमतेम काही मिलिमीटर जाडीचं, त्यात लेन्स आणि सेन्सर यांमधलं अंतर मावायला हवं, म्हणून दोन्ही चिमुकले ठेवावे लागतात.

प्रकाश कमी पडला की कॅमेरा तीन उपाय करतो, आणि तिन्हींची किंमत मोजावी लागते. एक, एक्स्पोजर, म्हणजे एका फ्रेमसाठी प्रकाश मोजण्याचा वेळ, लांबवतो. १/३०चा १/१५ सेकंद झाला की फ्रेम ३०वरून १५वर येतात आणि हलणारा हात फिसकटतो. दोन, गेन वाढवतो, म्हणजे मोजलेला आकडा गुणतो. पण सोबत दाणेही गुणले जातात. तीन, आधीच्या फ्रेमची आताच्या फ्रेमशी सरासरी काढतो. स्थिर भिंत गुळगुळीत होते, पण हललेल्या माणसामागे अर्धपारदर्शक सावली रेंगाळते. अंधाऱ्या खोलीतल्या कॅमेऱ्यात ‘आत्मा’ दिसल्याचे जे व्हिडिओ व्हॉट्सअॅपवर फिरतात, त्यांतल्या सावल्यांना लांब एक्स्पोजर आणि ही सरासरी एवढं कारण पुरतं. दिवा लावा, भूत जातं.

दाण्यांचा दुसरा मार केबलमध्ये बसतो. १०८०पीची न दाबलेली फ्रेम प्रत्येक पिक्सेलला दोन बाइट धरून सेकंदाला ३० वेळा पाठवायची तर सुमारे ९९५ मेगाबिट लागतात. यूएसबी २.०चा कागदावरचा वेग ४८० आणि एका व्हिडिओ प्रवाहाला त्यातले जेमतेम १९६ मिळतात. म्हणून कॅमेरा चित्र दाबून, बहुधा एमजेपेग स्वरूपात (प्रत्येक फ्रेम जेपेग फोटोसारखी दाबून) पाठवतो. दाबणं जमतं ते चित्रात सारखेपणा असतो म्हणून. दाण्यांमध्ये सारखेपणा नसतोच. उपलब्ध बिट दाणे वाहण्यात खर्ची पडतात आणि भुवया, केस, शर्टाची चौकट यांच्या वाट्याला चौकोनी ठोकळे येतात. पुढे कॉलचं सॉफ्टवेअर तेच चित्र पुन्हा दाबतं. एकाच यूएसबी हबवर (एका पोर्टची अनेक पोर्ट करणाऱ्या डबीवर) दोन वेबकॅम लावले की दुसरा बऱ्याचदा सुरूच होत नाही, तेही याच जागेच्या टंचाईमुळे.

आता पट्टे. चित्रावरून आडव्या फिकट-गडद पट्ट्या सरकत असतील तर कॅमेरा बदलायची घाई नको. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे तांब्याच्या चोकवरची ट्यूब आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. सेन्सर सगळ्या ओळी एकदम टिपत नाही, वरून खाली एकेक टिपत जातो. एक्स्पोजर १/१०० सेकंदाच्या पटीत असेल तर प्रत्येक ओळीला दिव्याची पूर्ण आवर्तनं मिळतात आणि पट्टे नाहीसे होतात. कॅमेरा ६० हर्ट्झवर असेल तर तो १/१२०च्या पटी वापरतो, आणि गणित चुकतं. अमेरिकेतून आणलेल्या कॅमेऱ्याची ही सेटिंग आधी तपासा. तिकडची वीज ६० हर्ट्झची. इथला कॅमेरा न्यू जर्सीत नेणाऱ्यांनी उलट करावं.

विंडोजवर ओबीएस स्टुडिओ या व्हिडिओ रेकॉर्डिंगच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये कॅमेरा जोडून ‘कॉन्फिगर व्हिडिओ’ दाबलं की ड्रायव्हरची खिडकी उघडते. तिथे ‘पॉवरलाइन फ्रीक्वेन्सी’ ५० करा. शेजारच्या टॅबवर ‘लो लाइट कॉम्पेन्सेशन’ची खूण काढली की फ्रेम ३०वरून घसरत नाहीत; चित्र काळोखं वाटलं तर प्रकाश वाढवायचा. एक्स्पोजरचा आकडा तिथे दोनच्या घातात असतो. उणे ५ म्हणजे १/३२ सेकंद, उणे ६ म्हणजे १/६४. दोन्ही १/१००च्या पटीत बसत नाहीत, म्हणून ट्यूबखाली एक्स्पोजर हाताने न लावता ऑटोवरच ठेवणं बरं.

दिवा दोन मीटरवरून एक मीटरवर आणला तर चेहऱ्यावरचा उजेड जवळपास चौपट होतो, म्हणजे सेन्सरचं क्षेत्रफळ चौपट करण्याइतकाच फायदा, आणि पैसे शून्य. ९ वॉटचा एलईडी मॉनिटरच्या मागे, समोरच्या पांढऱ्या भिंतीवर रोखून लावला की डोळ्यांखालच्या सावल्याही भरून निघतात. खिडकी पाठीमागे नको, समोर हवी.

बाकीचं थोडक्यात. कॅमेऱ्याला किती रुंद दिसतं तो कोन कर्णात, म्हणजे चित्राच्या कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत, दिलेला असतो. ६० सेंटिमीटरवर बसल्यास ६५ अंशांत सुमारे ६७ सेंटिमीटर रुंदी येते, ७८ अंशांत ८५, ९० अंशांत १०५. एकट्यासाठी ६५ ते ७८ पुरे, नाहीतर मागचं कपाटच जास्त दिसतं. नुसतं बोलायचं असेल तर स्थिर फोकस चालतो, उलट तो अंधारात मागेपुढे चाचपडत नाही. शिकवणीत वही किंवा सोल्डरिंग जवळून दाखवायचं असेल तर ऑटोफोकसच घ्या. अंगच्या माइकवर पैसे घालवू नका, साधा हेडसेट सरस ठरतो.

कॅमेरा आला की परत करायची मुदत संपायच्या आत रात्रीच्या उजेडात तपासा. बारीक चौकटीचा शर्ट घालून समोर बसा, पाच मिनिटं रेकॉर्ड करा, मधे हात हलवा. मग ते पूर्ण आकारात बघा. कॉलरच्या रेषा वेगळ्या दिसतात का, गालावर दाणे वळवळतात का, हातामागे सावली रेंगाळते का, आणि शेवटच्या मिनिटाला सेन्सर तापून दाणे वाढलेत का. हे सगळं हबमधून न करता थेट संगणकाच्या मागच्या पोर्टमध्ये केबल लावून करा.