एसडब्ल्यूआर उतरला, पण अँटेना रेझोनन्सला आला का?

एसडब्ल्यूआर (स्टँडिंग वेव्ह रेशो) म्हणजे अँटेनाचं केबलशी किती जुळतं ते सांगणारं गुणोत्तर; १:१ म्हणजे पूर्ण जुळणी. मीटरवर १:१ दिसलं की काम झालं, असं धरून बरेच जण तार तिथेच पक्की करतात. पण रेझोनन्स हा अँटेनाचा स्वतःचा गुण आहे. ज्या फ्रिक्वेन्सीला फीडपॉइंटवरचा (केबल अँटेनाला जोडते तिथला) रिॲक्टन्स, म्हणजे ऊर्जा न खर्चता ती साठवून परत देणारा विरोध, शून्य होतो आणि नुसता रेझिस्टन्स उरतो, तिथे अँटेना रेझोनन्सला असतो. तो रेझिस्टन्स ५०च ओहम असावा असं बंधन नाही. एसडब्ल्यूआर सांगतो ते एवढंच, की अँटेनाचं ५० ओहमच्या केबलशी कितपत जमतं.

मोकळ्या अवकाशातला अर्ध्या तरंगलांबीचा डायपोल (मधोमध केबल जोडलेली दोन भागांची तार) रेझोनन्सला सुमारे ७३ ओहम देतो, म्हणजे एसडब्ल्यूआर जवळपास १.५. यात दुरुस्त करण्यासारखं काहीच नाही. उलट डमी लोड (अँटेनाऐवजी जोडायचा रेझिस्टर) १:१ दाखवतो आणि सगळी पॉवर उष्णतेत घालवतो.

खरी फसगत होते ती पाव तरंगलांबीच्या व्हर्टिकलची, म्हणजे उभ्या अँटेनाची. आदर्श जमिनीवर त्याचा रेझिस्टन्स सुमारे ३६ ओहम. जमिनीतल्या तोट्याचे १४ ओहम त्यात मिळाले की बेरीज बरोबर ५०. मीटर उत्तम, आणि २८ टक्के पॉवर मातीत! रेडियल (व्हर्टिकलच्या बुडापासून जमिनीवर पसरलेल्या तारा) वाढवले की तोटा घटतो, एसडब्ल्यूआर १.४ कडे चढतो आणि सिग्नल सुधारतो. तो चढलेला आकडा बघून रेडियल काढू नका, ही कळकळीची विनंती.

डायपोल जुळवायला मात्र साधा एसडब्ल्यूआर मीटर पुरतो. आकडा किती उतरला यापेक्षा कुठल्या फ्रिक्वेन्सीला सर्वांत खाली गेला, ते बघायचं. एकूण लांबीचा अंदाज मीटरमध्ये: १४३ भागिले मेगाहर्ट्झ. ७.१ साठी २०.१४ येते, २०.४० ठेवून सुरुवात करा. तळ ७.० ला सापडला, तर २०.४० गुणिले ७.० भागिले ७.१, म्हणजे २०.११. प्रत्येक टोकाला साधारण १४ सेंटिमीटर कमी करायचे. लगेच कापू नका. टोक मागे दुमडून त्याच तारेवर घट्ट गुंडाळा, अँटेना नेहमीच्या उंचीवर चढवा आणि पुन्हा मोजा. जमिनीजवळ मोजलेला तळ वर गेल्यावर सरकतो.

नॅनोव्हीएनए (अँटेना मोजायचं छोटं उपकरण) असेल तर रिॲक्टन्स थेट दिसतो, पण केबलच्या खालच्या टोकाला दिसणारा रिॲक्टन्स केबलने बदललेला असतो. म्हणून फीडपॉइंटवरच मोजा, नाहीतर केबल जोडून तिच्या वरच्या टोकाला कॅलिब्रेशन करा, म्हणजे मोजणीची सुरुवात तिथून धरली जाते.

आणि रेडिओशेजारचा ट्यूनर? तो रेडिओला ५० ओहम दाखवतो. वरची तार होती तशीच राहते, केबलमधला जादा तोटाही तसाच.