संगणकातला पतंग आणि संत्र्यावरची कोळशी

दरवर्षी सप्टेंबरमध्ये समाजमाध्यमांवर एक फोटो फिरतो. वहीच्या पानावर चिकटपट्टीने डकवलेला एक पतंग, म्हणजे पाकोळीसारखा किडा. ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्डच्या मार्क-२ संगणकाच्या रिलेमध्ये, म्हणजे विजेवर चालणाऱ्या स्विचमध्ये, तो सापडला आणि तेव्हापासून संगणकातल्या चुकीला ‘बग’ म्हणू लागले, असे खाली लिहिलेले असते. पतंग खरा आहे, वहीही खरी. निष्कर्ष मात्र चुकीचा. यंत्रातल्या दोषाला बग म्हणण्याची रीत एडिसनच्या १८७८च्या पत्रातही सापडते. खुद्द त्या वहीतली नोंद सांगते की प्रत्यक्ष बग सापडल्याचा हा पहिलाच प्रकार. शब्द आधीपासून वापरात असल्याशिवाय असे कोणी लिहीत नाही.

इंग्रजीत पोटाचा संसर्गही बग, चोरून ऐकायचे यंत्रही बग आणि दिसेल तो किडाही बग. कीटकशास्त्रात मात्र हे नाव एकाच गणासाठी राखलेले आहे, तो म्हणजे हेमिप्टेरा. ढेकूण, मावा, तुडतुडे, पिठ्या ढेकूण, लाखेचा किडा हे सगळे त्यातले. ज्ञात जाती ८० हजारांहून अधिक. मार्क-२ मधला पतंग यात बसत नाही. ‘लेडीबग’ही बसत नाही, तो भुंगेरा आहे. उलट काटोल-नरखेडच्या संत्राबागांतली काळी माशी नावाने माशी असली तरी पक्की बग आहे. माशीला पंख दोन असतात, हिला चार.

हा भेद नुसता नावाचा नाही. बग ओळखायचा तो तोंडावरून. त्याची चोच म्हणजे खालच्या ओठाची खोबणी आणि तिच्यात केसाहून बारीक चार सुया. बाहेरच्या दोन सुया पेशींमधून वाट काढतात. आतल्या दोन एकमेकींत अशा अडकतात की मध्ये दोन नळ्या तयार होतात. एकीतून लाळ आत जाते, दुसरीतून रस वर येतो. ओठ पानात शिरत नाही, बाहेरच दुमडतो. सुया पुढे सरकताना किडा घट्ट होणारी लाळ सोडत जातो, त्यामुळे वाटेभोवती एक म्यान तयार होते. सुया पेशींच्या फटींतून पानाच्या शिरेपर्यंत, म्हणजे साखर वाहून नेणाऱ्या रसवाहिनीपर्यंत पोहोचतात. तिथे रस मोठ्या दाबाखाली असतो. प्रयोगशाळेत रस पीत असलेल्या माव्याच्या सुया लेझरने कापल्या, तर किडा बाजूला झाल्यावरही उरलेल्या टोकातून रस झिरपत राहतो. वनस्पतिशास्त्रज्ञ शुद्ध रस गोळा करायला हीच युक्ती वापरतात.

पण या रसात साखर भरपूर आणि अमिनो आम्ले, म्हणजे प्रथिनांचे नत्रयुक्त घटक, अगदी कमी. काही आवश्यक अमिनो आम्ले किड्याच्या पेशींत राहणारे सहजीवी जिवाणू बनवून देतात. तरीही वाढीला पुरेसे नत्र मिळवायचे तर रस सतत ओढावा लागतो आणि नको असलेली साखर चिकट थेंबांच्या रूपाने बाहेर टाकावी लागते. या गोडव्यावर काळी बुरशी वाढते. हीच कोळशी.

बाग काळी पडली की कोणी नजर लागली म्हणून उतारा टाकतो, कोणी औष्णिक वीज केंद्राच्या राखेला दोष देतो, कोणी ‘सर्व रोगांवर एकच’ असे लेबल असलेली बाटली आणतो. यातल्या कशानेही किडा मरत नाही. पान ओल्या फडक्याने पुसून पाहा. थर पापुद्र्यासारखा निघतो आणि खाली पान हिरवेच असते, कारण बुरशी पानात शिरलेली नसते. ती ऊन अडवते, त्यामुळे झाड अन्न कमी बनवते आणि फळही काळे पडते. नुसते बुरशीनाशक मारले तर थर जाईल, पण वरून थेंब पडत राहतील आणि थर पुन्हा चढेल.

काळ्या पानाच्या वर जे पान असेल, त्याची खालची बाजू बघा. तिथे काळ्या माशीची सर्पिलाकार मांडलेली अंडी, काळी काटेरी पिल्ले आणि त्यांच्याभोवती मेणाची पांढरी किनार दिसेल. अंड्यातून निघालेले पिल्लू थोडे रांगते, चोच खुपसते आणि मग जागा सोडत नाही. त्यामुळे साधारण निम्मी अंडी उबली की फवारणी करावी, आणि तीही खालून वर, पानांच्या पाठीवर. ५ टक्के निंबोळी अर्कासाठी ५ किलो निंबोळ्या कुटून पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी फडक्यातून गाळा, २०० ग्रॅम साबण विरघळवून घाला आणि एकूण पाणी १०० लिटर करा. साबण नसेल तर मेणचट पानावरून थेंब घरंगळून जातो. अर्क त्याच दिवशी, उन्हे उतरल्यावर वापरा; ऊन त्यातला क्रियाशील घटक मोडते. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातल्या रासायनिक कीटकनाशकांचा मारा टाळा, कारण काळ्या माशीच्या पिल्लांत अंडी घालणारी एनकार्सिया ही इवली गांधीलमाशी त्यात आधी मरते.

बीटी कपाशीवरही तुडतुडे आणि पांढरी माशी येतात, ते बग आणि पतंग यांच्यातल्या भेदामुळे. बीटी कपाशीत जिवाणूच्या जनुकामुळे तयार होणारे प्रथिन बोंडअळीच्या आतड्यातल्या विशिष्ट रेणूंवर बसते, आणि बोंडअळी पतंगाची असते. रसशोषक बगांवर त्याचा परिणाम होत नाही.

संत्र्यावर आणखी एक बग येतो, सिट्रस सायला. तीन-चार मिलिमीटरचा, शेपटीकडची बाजू उचलून तिरपा बसणारा, फक्त नवतीवर, म्हणजे कोवळ्या पालवीवर, अंडी घालणारा. याच्या चोचीतून ग्रीनिंग या रोगाचा जिवाणू थेट रसवाहिनीत उतरतो आणि त्या रोगावर इलाज नाही. पिवळे पडलेले पान जस्ताच्या कमतरतेचे की ग्रीनिंगचे, हे पाहायचे तर मधल्या शिरेच्या दोन्ही बाजू ताडून बघा. जस्त कमी असेल तर दोन्ही बाजूंचा पिवळेपणा सारखा असतो. ग्रीनिंगमध्ये डाग वेडेवाकडे पडतात आणि एक बाजू दुसरीशी जुळत नाही. असे झाड दिसले तर खताचा डोस वाढवू नका. फांदी नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत तपासणीला न्या आणि त्या झाडाचे डोळे कलमासाठी कोणालाही देऊ नका.