गंधक उडून जातं, व्हॅनेडियम घर करतं

क्रूड तेल डिस्टिल केलं की पेट्रोल, डिझेल वगैरे वरच्या वर निघून जातं आणि तळाला उरतो काळा, डांबरासारखा घट्ट गाळ, त्यात सल्फर ठासून भरलेलं, नायट्रोजन पण बराच, आणि निकेल-व्हॅनेडियम तर क्रूडमधलं जवळपास सगळंच इथे येऊन साचतं. हे सगळं काढून टाकायला हे गाळाचं तेल साधारण ३५० ते ४२० डिग्रीला, वातावरणाच्या शंभर-दोनशे पट दाबाखाली, हायड्रोजनसोबत कॅटॅलिस्टवरून (रिॲक्शन घडवून आणणाऱ्या, बारीक छिद्रांच्या दाण्यांवरून) सोडतात, यालाच हायड्रोट्रीटिंग म्हणतात.

सल्फरचं त्यातल्या त्यात सोपं. कार्बनशी असलेला बाँड तुटला की ते हायड्रोजन सल्फाइड गॅस होऊन बाहेर पडतं. पण काही रेणूंमध्ये सल्फरच्या दोन्ही बाजूंना मिथाइल ग्रुप (कार्बन-हायड्रोजनचे छोटे गट) असे अडून बसलेले असतात की कॅटॅलिस्टला जवळच जाता येत नाही, मग आधी शेजारच्या रिंगमध्ये (अणूंच्या कड्यात) हायड्रोजन घालून ती वाकवावी लागते. नायट्रोजन त्याहून चिवट, त्याची रिंग आधी हायड्रोजनने भरल्याशिवाय तो सुटतच नाही, शेवटी अमोनिया होतो खरा पण तोवर कॅटॅलिस्टवरच्या जागा अडवून सल्फरचंही काम लांबवतो.

खरी गंमत धातूंची. व्हॅनेडियमचा बराचसा भाग पॉर्फिरिन नावाच्या रिंगमध्ये अडकलेला असतो, आणि ही रिंग म्हणजे करोडो वर्षांपूर्वीच्या हरितद्रव्याचा सांगाडा, फक्त मधलं मॅग्नेशियम जाऊन तिथे व्हॅनेडियम बसलंय! (हे नातं १९३०च्या दशकात आल्फ्रेड ट्राइब्स या जर्मन केमिस्टने दाखवलं.) हायड्रोजनने ही रिंग आधी ढिली होते, मग फुटते, पण सुटलेल्या धातूचा गॅस काही होत नाही, तो सल्फाइड बनून कॅटॅलिस्टवरच चिकटतो. म्हणजे तेल साफ होतं ते कॅटॅलिस्टच्या जिवावर.

वापरलेला दाणा मधोमध कापून इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली बघितला तर व्हॅनेडियम कडेला दाटलेलं दिसतं, निकेल बऱ्यापैकी आतपर्यंत गेलेलं. व्हॅनेडियमला रिॲक्ट व्हायची घाई, शिवाय रेणू अवाढव्य आणि छिद्रं काही नॅनोमीटरची, त्यामुळे तोंडंच बुजतात आणि दाण्याचा गाभा कोरा असूनही वाया जातो. म्हणून आधी मोठ्या छिद्रांचा स्वस्तातला कॅटॅलिस्ट ठेवतात, त्याने धातू झेलायचे, मग पुढच्याने सल्फर काढायचं. वर कोक, म्हणजे कार्बनचा काळा थर, साचतो तो वेगळाच. कॅटॅलिस्ट थकत गेला की टेंपरेचर थोडं थोडं वाढवत नेतात, रिॲक्टरची मर्यादा आली की प्लांट थांबवून तो उपसायचा, आणि त्या मेलेल्या कॅटॅलिस्टमधून व्हॅनेडियम काढून पोलाद मजबूत करायला वापरतात.