मॅजिकाचा हिशोब: ‘एल्डर स्क्रोल्स’मधला जादूगार कसा बलाढ्य होत गेला

‘एल्डर स्क्रोल्स’ या व्हिडिओ गेम मालिकेतल्या ‘स्कायरिम’मध्ये जादूगार घेऊन खेळायला बसलेल्यांची तक्रार ठरलेली असते. सुरुवातीच्या लेव्हलना हातातून निघणाऱ्या ज्वाळा भारी वाटतात. मग शत्रू दणकट होत जातात, दोन-तीन फटक्यांत मॅजिका, म्हणजे मंत्रांवर खर्च होणारी शक्ती, आटते आणि ती भरेपर्यंत खांबाआड लपून वेळ काढावा लागतो. तलवारवाला सहाणेवर पातं घासून त्याचा मार वाढवतो. जादूगाराला अशी सहाणच नाही. हे असं का, ते समजायचं तर मालिकेत मागे जावं लागतं. १९९४ च्या ‘अरीना’पासून २०११ च्या ‘स्कायरिम’पर्यंत बलाढ्य जादूगार घडवताना खरा प्रश्न एकच राहिला आहे: मंत्राची किंमत कशी भरायची, आणि भरणं टाळता येतं का.

या किमतीचं मूळ टेबलावरच्या खेळात आहे. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ आणला. त्यातला जादूगार सकाळी मोजके मंत्र पाठ करून निघायचा आणि एक टाकला की तो त्या दिवसापुरता विसरायचा. पहिल्या लेव्हलला दिवसाला एकच मंत्र. तिथे किंमत म्हणजे संख्या. मालिका बनवणाऱ्या बेथेस्डा कंपनीने ‘अरीना’त दुसरी वाट धरली: जादूगाराजवळ मॅजिकाचा साठा आणि प्रत्येक मंत्राचा त्यातून ठराविक खर्च. साठा आला की तो मोठा कसा करायचा, लवकर कसा भरायचा आणि खर्च कसा कमी करायचा, हे तिन्ही प्रश्न आपोआप आले. पुढचा सगळा इतिहास या तिघांचा आहे.

‘अरीना’त मेजेस गिल्डमध्ये, म्हणजे जादूगारांच्या संघात, पैसे मोजून स्वतःचा मंत्र बनवून घेता यायचा. विजय लक्ष्मण हे या गेमचे डिझायनर आणि ज्युलियन लेफे मुख्य प्रोग्रॅमर. त्यातला सॉर्सरर हा वर्ग विशेष लक्षात घेण्यासारखा आहे. त्याचा साठा मोठा, पण विश्रांती घेऊन तो भरत नाही. शत्रूने अंगावर टाकलेला मंत्र शोषला तरच भरतो. पुढे मालिकाभर ‘अट्रोनाक’ या जन्मराशीच्या रूपाने हीच कल्पना फिरत राहिली.

१९९६ च्या ‘डॅगरफॉल’ने वर्ग घडवण्याचं कामच खेळाडूच्या हाती दिलं. बुद्धी या गुणाच्या आकड्याच्या तिप्पट मॅजिका घ्या, मंत्र शोषण्याची शक्ती घ्या. प्रत्येक सवलतीबरोबर पडद्यावरचा खंजीर वर सरकतो आणि लेव्हल वाढण्याचा वेग मंदावतो. खंजीर खाली आणायला उणिवा घ्यायच्या: अमुक धातूची शस्त्रं वर्ज्य, तमुक प्रकारचं चिलखत वर्ज्य. शुद्ध जादूगाराला तलवार आणि चिलखत लागतच नाही, म्हणून या उणिवा त्याला जवळजवळ फुकटात पडायच्या. वर शोषणशक्ती असलेला खेळाडू आजूबाजूला फुटणारा मंत्र स्वतःच्याच पायाशी टाकायचा. मंत्र अंगात शोषला जाऊन मॅजिका परत यायची आणि भोवतीचे शत्रू भाजून निघायचे. किंमत चुकवण्याची मालिकेतली पहिली पक्की युक्ती ती हीच.

आता २००२ चं ‘मॉरोविंड’. इथे जरा थांबायला हवं, कारण जादूगाराचं गणित इतकं उघडं आणि इतकं कठोर नंतर कधीच नव्हतं. प्रत्येक मंत्राच्या यशाची शक्यता ठरायची ती अशी: कौशल्याची दुप्पट, अधिक विलपॉवर (इच्छाशक्ती) या गुणाचा पाचवा भाग, अधिक नशिबाचा दहावा भाग, वजा मंत्राची किंमत. येणाऱ्या आकड्याला थकव्याने गुणायचं. पूर्ण ताजेतवाने असाल तर सव्वा पट, पार दमलेले असाल तर पाऊण पट. समजा डिस्ट्रक्शन, म्हणजे मारक मंत्रांचं कौशल्य, ४०, विलपॉवर ५०, नशीब ४० आणि मंत्राची किंमत २०. बेरीज होते ८० अधिक १० अधिक ४ वजा २०, म्हणजे ७४. ताज्या दमाने टाकलेला मंत्र ९२.५ टक्के वेळा लागतो. तोच माणूस धावत धावत गुहेत शिरला, थकव्याची हिरवी पट्टी शून्यावर आली, तर ५५.५ टक्के. आणि मंत्र फसला तरी मॅजिका जायची ती जातेच. ‘माझे मंत्र लागतच नाहीत’ म्हणणाऱ्या बहुतेकांची चूक एवढीच असते: गेममध्ये धावल्याने थकवा येतो आणि ते लढाईच्या तोंडावरही धावत असतात. शेवटचे काही क्षण चालत जायचं किंवा थकवा भरून काढणारं औषध प्यायचं, की तोच जादूगार वेगळा वाटतो.

मॅजिकाही आपोआप भरायची नाही. तासभर विश्रांती घेतली की बुद्धीच्या ०.१५ पट परत यायची. बुद्धी १०० असेल तर तासाला १५. म्हणून सगळं लक्ष साठा मोठा करण्यावर असायचं. मूळ साठा बुद्धीइतका. हाय एल्फ हा वंश त्यात दीडपट भर घालतो, अट्रोनाक राशी आणखी दोन पट. बुद्धी १०० झाली की साडेचार पट, म्हणजे ४५० मॅजिका. पण हाय एल्फ जादूपुढे ५० टक्के कमजोर, आणि अट्रोनाकला झोपून मॅजिका मिळतच नाही. जाणकारांनी तोडगा काढला: स्वतःच पूर्वजाचं भूत बोलवायचं, त्याला एक ठोसा मारून चिडवायचं आणि त्याने टाकलेले मंत्र शोषून घ्यायचे. शोषण्याची शक्यता ५० टक्के, भुताचे मंत्र हलके. त्यामुळे धोका कमी आणि साठा भरतो. ज्यांना एवढं काटेकोर खेळायचं नाही त्यांच्यासाठी ब्रेटन हा वंश बरा. अट्रोनाकबरोबर त्याचा साठा ३५० वर थांबतो, पण जादूला ५० टक्के प्रतिकार जन्मजात मिळतो. पहिल्यांदा खेळणाऱ्याने डोळे झाकून ब्रेटन घ्यावा, हे मत आजही बदलण्याचं कारण नाही.

पण ‘मॉरोविंड’चा खरा बलाढ्य जादूगार मंत्र टाकायचाच नाही. वस्तूत भरलेली जादू कधी फसत नाही, ती टाकायला वेळ लागत नाही आणि तिचा चार्ज काळाबरोबर आपोआप भरतो. कायमस्वरूपी परिणाम वस्तूत बसवायला मारलेल्या जीवाचा किमान ४०० किमतीचा आत्मा लागतो. गोल्डन सेंट या जीवाचा आत्मा नेमका ४०० चा. म्हणून गोल्डन सेंट बोलावणारा मंत्र शिकायचा, तिच्यावर सोल ट्रॅप हा आत्मा पकडणारा मंत्र टाकायचा, तो टिकून असेपर्यंत तिला मारायचं आणि जवळ आत्मा साठवणारं, तेवढ्या क्षमतेचं रिकामं रत्न ठेवायचं. रत्न लहान असेल तर आत्मा हातचा जातो आणि सगळी मेहनत वाया. याहून मोठं भोक औषधांत होतं. बुद्धी वाढवणारं औषध प्यायलं की पुढचं औषध जास्त कडक बनतं, ते प्यायलं की त्याहून कडक. काही फेऱ्यांत आकडे हजारांवर जातात. तिथून पुढे खेळात राम उरत नाही, म्हणून जाणते खेळाडू स्वतःच त्यावर बंधन घालून घेतात.

‘ऑब्लिव्हियन’ २००६ साली आला आणि फसण्याची भानगड संपली. कौशल्य २५, ५०, ७५, १०० झालं की पुढच्या पायरीचे मंत्र खुले होतात. खुले झाले की लागतातच. मॅजिकाही आपोआप भरू लागली आणि तिचा वेग विलपॉवरवर ठरू लागला. साठा बुद्धीच्या दुप्पट अधिक वंश आणि राशीची भर: हाय एल्फचे १००, अट्रोनाकचे १५०. बुद्धी १०० ला बेरीज पुन्हा ४५० च येते, आणि अट्रोनाकवाल्याची मॅजिका इथेही आपली आपण भरत नाही.

मंत्र बनवायची वेदी मात्र आर्केन युनिव्हर्सिटीत ठेवली होती. तिथे शिरायला गिल्डच्या सात शहरांतल्या शाखांची शिफारस आणावी लागते. एवढा खटाटोप करावा असं वेदीत होतं तरी काय? ‘कमजोरी’ नावाचे परिणाम. एका मंत्रात जादूपुढे १०० टक्के कमजोरी आणि आगीपुढे १०० टक्के कमजोरी काही सेकंदांसाठी बसवायची. तोच मंत्र पुन्हा टाकला तर आधीचा पुसला जातो, म्हणून तसाच दुसरा मंत्र वेगळ्या नावाने बनवायचा आणि दोन्ही आलटून पालटून टाकायचे. प्रत्येक वेळी कमजोरीवर कमजोरी चढते आणि शेवटी टाकलेला साधा आगीचा मंत्रही मोठा शत्रू लोळवतो. एक सेकंदाचे मंत्रही असेच कामाचे. समोरच्याचं मन १०० अंकांनी वळवणारा मंत्र एकाच सेकंदाचा बनवायचा आणि लगेच दुकानदाराशी बोलायला लागायचं. बोलणं चालू असताना वेळ थांबलेली असते, त्यामुळे तो एक सेकंद सौदा होईपर्यंत पुरतो.

‘ऑब्लिव्हियन’मध्ये जादूगार बिघडायचा तो वेगळ्याच जागी. मुख्य कौशल्यं मिळून दहादा वाढली की लेव्हल वाढते आणि जगातले शत्रूही तुमच्याबरोबर वाढतात. एखाद्या गुणाला पूर्ण ५ ची भर हवी तर त्या गुणाखालची कौशल्यं मिळून दहा वेळा वाढायला हवीत. बुद्धीखाली अल्केमी, कॉन्जुरेशन (जीव बोलावण्याची जादू), मिस्टिसिझम. विलपॉवरखाली अल्टरेशन, डिस्ट्रक्शन, रेस्टोरेशन. दोन्ही गुणांना ५-५ हवे असतील तर वीस वाढी लागतात, आणि मुख्य कौशल्यांच्या दहाच वाढींत लेव्हल संपते. म्हणून सगळी जादू मुख्य कौशल्यांत टाकणारा, दिसायला अगदी बरोबर वागणारा खेळाडूच अडकायचा. निम्मी जादू गौण कौशल्यांत ठेवणारा पुढे जायचा. नव्या माणसाला हे कुणी सांगितल्याशिवाय कळणं अशक्य होतं, आणि ही त्या गेमची मोठी उणीव आहे.

‘स्कायरिम’ ११ नोव्हेंबर २०११ ला आला तेव्हा बुद्धी, विलपॉवर हे गुण गेले, राशी गेल्या, मिस्टिसिझम गेलं आणि मंत्र बनवण्याची वेदीही गेली. बदल्यात दोन्ही हातांत वेगवेगळे मंत्र, तोच मंत्र दोन हातांनी एकत्र टाकणं आणि पर्कची, म्हणजे निवडून घ्यायच्या खास क्षमतांची, झाडं आली. मंत्रांचे आकडे आता ठरीव. डिस्ट्रक्शन कितीही वाढवलं तरी मंत्राचा मार वाढत नाही, फक्त खर्च घटतो. सुरुवातीला म्हटलेली सहाण हरवली ती इथे.

आकड्यात बघू. ‘इन्सिनरेट’ या आगीच्या मंत्राचा मार ६०, मूळ किंमत २९८. डिस्ट्रक्शन ७५ आणि त्या पायरीचा खर्च निम्मा करणारा पर्क असेल तर सुमारे ९९ मॅजिका. आगीचे दोन्ही पर्क धरून मार ९०. लढाईबाहेर साठ्याच्या ३ टक्के मॅजिका दर सेकंदाला भरते, लढाईत जेमतेम १ टक्का. साठा ३०० असेल तर सेकंदाला ३, म्हणजे एका फटक्याची भरपाई व्हायला ३३ सेकंद. दोन हातांनी टाकलं तर मार २.२ पट पण खर्च २.८ पट. मार्च २०१३ च्या १.९ पॅचने आणलेल्या लेजेंडरी या सर्वांत कठीण पातळीवर तुमचा मार पाव होतो, म्हणजे ९० चे २२.५. साठा वाढवून हे गणित सुटत नाही. दर लेव्हलला मॅजिकाचे १० घेत बसलेला खेळाडू नाजूकही राहतो आणि उपाशीही.

सुटतं ते खर्च शून्य करून. एन्चांटिंग, म्हणजे वस्तूत जादू भरण्याचं कौशल्य, १०० पर्यंत न्यायचं. एन्चांटरचे पाच, मग इन्साइटफुल, कॉर्पस आणि एक्स्ट्रा इफेक्ट असे आठ पर्क लागतात. ग्रँड आत्मा भरलेलं रत्न वापरून डिस्ट्रक्शनचा खर्च एका वस्तूवर २५ टक्के घटवता येतो, आणि हा परिणाम डोकं, अंग, अंगठी आणि गळ्यातलं अशा चार जागी बसतो. चार पंचवीस शंभर. एक्स्ट्रा इफेक्टमुळे त्याच चार वस्तूंवर दुसरी शाखाही फुकट होते. कॉन्जुरेशन घेणं सगळ्यात शहाणपणाचं. इथे नेहमीची चूक रत्नात होते. रिकामं ग्रँड रत्न जवळ असताना लहानसा प्राणी मारला की त्याचा आत्मा त्यात जाऊन बसतो आणि रत्न ग्रँड दिसूनही परिणाम कमी पडतो. भरलेलं विकत घ्या, नाहीतर मोठ्या शिकारीच्या वेळीच रिकामं जवळ ठेवा. डोक्यावर शिरस्त्राणाऐवजी सर्कलेट आणि अंगात साधे कपडे हवेत. चिलखताचा एक तुकडा घातला तरी अल्टरेशनचा मेज आर्मर पर्क बंद पडतो आणि ‘एबनीफ्लेश’ या संरक्षक मंत्राचे ३०० चे १०० होतात.

खर्च शून्य झाला की मॅजिकात गुंतवायचं कारण उरत नाही. लेव्हलची सगळी भर आरोग्यात जाते. डिस्ट्रक्शन ४० ला मिळणारा इम्पॅक्ट पर्क आता सतत वापरता येतो: दोन हातांनी टाकलेले बहुतेक मारक मंत्र समोरच्याला, अगदी ड्रॅगनलाही, डगमगवतात. मार तोकडाच राहतो, त्यावर औषध आहे. डिस्ट्रक्शन वाढवणारी वस्तू खर्च कमी करते, पण त्याच नावाचं औषध मार वाढवतं. ग्लो डस्ट आणि ग्लोइंग मशरूम मिसळा. बरोबर विजेचा प्रतिकारही मिळतो. ग्लो डस्टमध्ये नाइटशेड घातलं तर मॅजिका भरण्याचा वेग मारणारं विषही त्याच बाटलीत उतरतं.

‘अरीना’तला तो शोषणारा जादूगार इथे अट्रोनाक स्टोन या शक्ती देणाऱ्या शिळेत दिसतो: ५० मॅजिका, ५० टक्के शोषण, भरण्याचा वेग निम्मा. कॉन्जुरेशनवर भिस्त असलेल्यांनी तो घेऊ नये. शोषण आपला-परका बघत नाही. स्वतः बोलावलेला अट्रोनाक नावाचा जीवसुद्धा अधूनमधून शोषला जातो आणि ऐन लढाईत समोरची जागा रिकामी राहते. अल्टरेशन १०० चा शोषणाचा पर्कही ३० टक्के वेळा हेच करतो.

एप्रिल २०२५ मध्ये ‘ऑब्लिव्हियन’ची नवी आवृत्ती आली, आणि तिने गुणांचा जुना जाच काढून टाकला. दर लेव्हलला १२ अंक मिळतात आणि ते हव्या त्या तीन गुणांत, एका गुणात जास्तीत जास्त ५ याप्रमाणे वाटता येतात. कुठलं कौशल्य किती वेळा वाढलं याची वही ठेवावी लागत नाही. मंत्र बनवायची वेदी मात्र जिथल्या तिथे आहे, युनिव्हर्सिटीच्या आत, सात शिफारशींच्या पलीकडे.