फिरकी सरकली की आटली? उजव्या खांद्याचा हिशेब

ठाण्यातल्या बॅडमिंटन कोर्टांवर आणि नेरूळ-वाशीच्या क्रिकेट नेट्सवर पालक एक घरगुती तपासणी हमखास करतात. मुलाला पाठीमागून हात वर न्यायला सांगायचं, आधी डावा, मग उजवा. डाव्या हाताचा अंगठा खवाट्यांच्या, म्हणजे खांद्यामागच्या चपट्या हाडांच्या, मधोमध पोचतो, उजवा बराच खाली अडतो. मग चिंता सुरू होते. कुणीतरी मोबाइलवर एखादा स्ट्रेच दाखवतं आणि दुसऱ्या दिवसापासून तो हात रोज दाबून आत वळवला जातो.

माझं म्हणणं एवढंच आहे, की दाबण्याआधी मोजा. खेळणारा हात आत कमी वळण्याची मुख्य कारणं दोन. बाहेरून दोन्ही अगदी सारखी दिसतात, पण एक खेळाने घडवलेली ठेवण आहे आणि दुसरं दुखापतीकडे नेणारं आखडणं.

समजा, चौदा वर्षांच्या दोन मुली आहेत, दोघी उजव्या हाताने स्मॅश मारणाऱ्या. दंड बाजूला उचलून कोपर दुमडला, की हात मागे जाणं म्हणजे बाहेर वळणं आणि पुढे-खाली येणं म्हणजे आत वळणं; दोन्हींची बेरीज ही खांद्याची फिरकी. दोघींचा डावा खांदा बाहेर ९५ अंश आणि आत ६५ अंश वळतो, एकूण १६०. उजवा खांदा दोघींचाही आत फक्त ४५ अंश वळतो, म्हणजे तूट २० अंशांची. इथेच थांबलं तर दोघींना एकच निदान मिळेल. आता बाहेरची बाजू मोजा. पहिलीचा उजवा हात ११५ अंश मागे जातो, दुसरीचा ९८. पहिलीची बेरीज १६०, डाव्याइतकीच. दुसरीची १४३. फिरकी म्हणजे अंगावरची चादर समजा: पहिलीची डोक्याकडे ओढली गेली म्हणून पायाकडे कमी पडली, दुसरीची चादरच आटली. पहिलीच्या खांद्याला स्ट्रेचची गरज नाही. दुसरीकडे मात्र लगेच लक्ष द्यायला हवं.

पहिलीच्या बाबतीत घडलंय ते हाडात. जन्मतः दंडाच्या हाडाला पीळ असतो आणि खांद्याच्या वाटीत बसणारा त्याचा गोल माथा बराच मागे वळलेला असतो. वय वाढतं तसा हा पीळ उलगडत जातो. पण नऊ-दहा वर्षांपासून रोज फेकणाऱ्या किंवा स्मॅश मारणाऱ्या मुलांमध्ये तो त्या हातात पुरता उलगडत नाही. बेसबॉल खेळाडूंवर झालेल्या अभ्यासांत फेकणाऱ्या हाताचा पीळ दुसऱ्या हातापेक्षा साधारण १० ते १७ अंशांनी जास्त आढळला. त्यामुळे सगळी फिरकीच मागे सरकते: बाहेर जास्त, आत कमी. कामगिरीच्या दृष्टीने हा फायदाच आहे. हात जितका मागे जातो, तितकं पुढे झेपावायला अंतर मिळतं आणि त्या अंतरात वेग तयार होतो. बेसबॉलच्या पिचरचा खांदा चेंडू सोडताना सेकंदाला ७००० अंशांच्या आसपास वेगाने आत फिरतो. हाडाचा पीळ कुठल्याही स्ट्रेचने उलगडत नाही. जोर लावला तर खांद्याच्या पुढच्या बाजूला चिमटा बसतो आणि चांगला खांदा दुखायला लागतो.

दुसरीचं कारण मांसल भागात आहे. चेंडू सुटल्यावर किंवा स्मॅश बसल्यावर हाताला ब्रेक लावावा लागतो. ते काम खांद्याच्या मागचे छोटे स्नायू आणि सांध्याचं मागचं आवरण करतं. वर्षानुवर्षं हा ताण बसला की स्नायू ताठरतात, आवरण जाड आणि आखूड होतं. बर्कहार्ट, मॉर्गन आणि किब्लर या तीन शल्यविशारदांनी २००३ मध्ये यावर सविस्तर मांडणी केली. मागचं आवरण आखडलं की हात मागे नेताना हाडाचा माथा वाटीत वर-मागे ढकलला जातो आणि वाटीच्या कडेच्या कूर्चेवर ताण येतो, असं त्यांचं म्हणणं होतं. साधारण नियम असा: आतली तूट १८-२० अंशांची आणि शिवाय दोन हातांच्या बेरजेत ५ अंशांहून जास्त फरक, तर ते आखडणं समजायचं.

मोजण्याची रीत महत्त्वाची. पाठीवर झोपवून, दंड शरीरापासून ९० अंशांत बाजूला, कोपर ९० अंशांत दुमडलेला, आणि फिजिओचा एक हात खांद्यावर दाबलेला, म्हणजे खवाटा उचलून खोटे अंश मिळत नाहीत. पाठीमागे हात नेण्याची घरगुती तपासणी इथे कमी पडते, कारण तिच्यात कोपर आणि खवाटाही हलतात. आणि सामन्याच्या दुसऱ्या दिवशी मोजू नका. भरपूर फेकल्यावर आतली फिरकी तात्पुरती घटते आणि हा परिणाम चोवीस तास टिकू शकतो. शनिवारी दिवसभर स्पर्धा आणि रविवारी सकाळी तपासणी, असा मेळ कोणी घालत असेल तर तारीख बदलून मागा.

क्रिकेटबद्दल थोडं वेगळं सांगायला हवं. गोलंदाजी सरळ हाताने होते, तिथे खांदा गोल फिरतो. बेसबॉलच्या थ्रोसारखा कोपरातून झेपावणारा ताण सीमारेषेवरून फेकणाऱ्या क्षेत्ररक्षकाला जास्त बसतो. म्हणून षटकं मोजणाऱ्या प्रशिक्षकांनी लांबचे थ्रोही मोजावेत असं मला ठामपणे वाटतं. टर्फवर संध्याकाळी खेळलेले थ्रो तर कुणाच्याच वहीत नसतात.

आखडलेल्या खांद्यासाठी छातीवरून हात आडवा ओढण्याचा स्ट्रेच चांगला, पण खवाटा भिंतीला किंवा गादीला टेकवून, हलक्या जोराने. कुशीवर झोपून मनगट खाली दाबायचा स्ट्रेच मुलं फार जोरात करतात, तो फिजिओसमोर शिकल्याशिवाय नको. जोडीला ब्रेक लावणारे स्नायू मजबूत करायचे: बाहेर फिरवणारी ताकद आत फिरवणाऱ्या ताकदीच्या निदान दोन तृतीयांश हवी. स्मॅशने आतली ताकद आपोआप वाढते, बाहेरची रबर बँडने कमवावी लागते.

आणि एक तिसरी गोष्ट, जी या दोन्हींत बसत नाही. अकरा ते सोळा वयाच्या मुलाला फेकताना दंडाच्या वरच्या टोकाशी, खांद्याच्या बाहेरच्या बाजूला दुखत असेल, तर ते वाढीच्या पट्टीचं, म्हणजे हाड जिथून लांब वाढतं त्या मऊ थराचं, दुखणं असू शकतं. तिथे अंश मोजत बसू नका, स्ट्रेच तर मुळीच नको. फेकणं थांबवा आणि अस्थिरोगतज्ज्ञांकडे जाऊन दोन्ही खांद्यांचा एक्स-रे काढायचा का, ते विचारा.