स्पेसर, चाकाचा

मोटारगाडीचे चाक आणि हब (चाक ज्यावर बसते तो फिरता मधला भाग) यांच्यामध्ये बसवलेली, बहुधा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची चकती. चाक तिच्या जाडीइतके बाहेर सरकते. ३ ते ५ मिमी. जाडीचा स्पेसर नुसता सरकवून लांब स्टडवर (नट बसणाऱ्या, आटे पाडलेल्या खुंट्यांवर) चाकासह आवळतात. साधारण २० मिमी.च्या पुढचा स्पेसर हबला स्वतःच्या नटांनी बसतो आणि चाक त्याच्या स्टडवर येते.

हा प्रकार मोटारशर्यतीतून रस्त्यावर आला असे सांगितले जाते. शेतातील ओळींप्रमाणे ट्रॅक्टरच्या चाकांमधील अंतर बदलण्याची सोय मात्र विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच रूढ होती. निदान तत्त्वापुरते तरी मूळ तिकडे शोधणे अधिक सयुक्तिक वाटते. पुढे पोर्शसारख्या उत्पादकांनी काही गाड्यांना ५ मिमी.चे स्पेसर कारखान्यातूनच देऊ केले.

बेळगाव, खानापूर, निपाणी या सीमाभागात स्पेसरचा प्रश्न घाटांमुळे, म्हणजे उतारावर तापणाऱ्या ब्रेकमुळे, निराळा होतो. जांबोटी–कणकुंबीवरून चोर्ला, चंदगड तालुक्यातून आंबोली किंवा रामनगरहून अनमोड, कोणत्याही वाटेने गोव्याकडे वा कोकणात जाताना पठार सोडून खाली उतरावे लागते. १,२०० किग्रॅ. वजनाची गाडी ताशी ८० किमी. वेगावरून एकदा थांबवली, तर सुमारे ३ लक्ष जूल उष्णता निर्माण होते. तीच गाडी ५०० मी. खाली उतरली की हा आकडा ५९ लक्षांच्या घरात जातो, म्हणजे तसे वीस वेळा थांबल्याइतका. यातला काही वाटा हवेचा रोध आणि खालच्या गिअरमधले इंजिन उचलते. न्यूट्रलवर उतरणाऱ्याच्या बाबतीत इंजिनाचा वाटा गळतो आणि तो भार ब्रेकवर येतो. निपाणीजवळचा तवंदी घाट त्या मानाने आखूड आहे.

ही उष्णता स्पेसरपर्यंत किती पोहोचते याविषयी तीन मते आढळतात. पहिल्या मताप्रमाणे स्पेसर हा उष्णतेच्या वाटेतला अडसर असून हब व बेअरिंग त्यामुळे तापतात. दुसऱ्या मताप्रमाणे ॲल्युमिनियम उष्णता शोषून चाकाकडे पोहोचवते, त्यामुळे ब्रेकला मदतच होते. तिसरे मत परिणाम नगण्य मानते. हिशेब तिसऱ्या मताच्या बाजूने झुकतो. १५० मिमी. व्यासाच्या, २० मिमी. जाडीच्या स्पेसरचे वजन जेमतेम ०·८ किग्रॅ. भरते आणि त्याचे तापमान १° से.ने वाढवायला सुमारे ७०० जूल लागतात. ६ किग्रॅ.च्या बिडाच्या डिस्कला (ब्रेक जिला घासतो त्या चकतीला) त्याच्या चौपट लागतात. म्हणजे साठवण म्हणून स्पेसर फारसा उपयोगी नाही. अडसर म्हणूनही तो दुबळाच ठरतो : ६०६१ या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची उष्णतावाहकता बिडाच्या सुमारे तिप्पट असल्याने २०० वॉट उष्णता त्यातून जाताना दोन बाजूंच्या तापमानात जेमतेम दीड-दोन अंशांचा फरक पडतो. खरा रोध दोन पृष्ठभागांच्या सांध्यात असतो. तिथे गंज, रंग किंवा लाल मातीचा थर राहिला की वरचा सारा हिशेब कोलमडतो.

घाट उतरताना डिस्कचा घासणारा भाग ३००° से. ओलांडू शकतो. तिचा मधला, टोपीसारखा भाग त्याहून बराच थंड राहतो आणि स्पेसर सामान्यतः १००° से.च्या आसपास किंवा खाली असतो असे धरण्यास हरकत नाही. स्पेसरचे कमाल तापमान उतारावर नव्हे, तर गाडी थांबल्यावर काही मिनिटांनी येते, कारण वारा बंद होतो आणि डिस्कमधली उष्णता आत झिरपत राहते. पायथ्याशी चहाला थांबलेल्या गाडीचा स्पेसर म्हणूनच हात लावून पाहू नये. मोजणीतही फसगत होते. चकचकीत ॲल्युमिनियमवर इन्फ्रारेड तापमापी प्रत्यक्षापेक्षा बरेच कमी तापमान दाखवतो. काळ्या मॅट रंगाचा ठिपका देऊन मोजल्यास आकडा विश्वासार्ह येतो. रंगीत ॲनोडाइज केलेल्या (विजेच्या साहाय्याने ऑक्साइडचा थर चढवलेल्या) स्पेसरवर ही अडचण कमी असते.

१००° से.ला ६०६१-टी६ची (उष्णतेच्या प्रक्रियेने बळकट केलेल्या ६०६१ची) ताकद फारशी घटत नाही. सुमारे १५०° से.च्या पुढे दीर्घकाळ राहिल्यास ती कायमची घटू लागते. ७०७५ हा दुसरा ॲल्युमिनियमचा मिश्रधातू मुळात अधिक बळकट, पण उष्णतेला अधिक हळवा. नट सैल होण्याचे खापर बहुधा ॲल्युमिनियमच्या प्रसरणावर फोडले जाते. ते पोलादाच्या जवळजवळ दुप्पट असते हे खरे. तथापि २५ मिमी. जाडीत १००° से.ची वाढ झाली, तरी फरक ०·०३ मिमी.हून कमी पडतो, आणि तोही आवळ वाढवण्याच्या दिशेने. त्या वाढीव दाबाखाली मधला रंगाचा वा गंजाचा थर चेपतो आणि गार झाल्यावर आवळ पहिल्यापेक्षा कमी भरते. आंबोली–कणकुंबीकडच्या पावसात ॲल्युमिनियम व लोखंड यांच्या सांध्यात विद्युत्-रासायनिक गंजही धरतो. कधी स्पेसर हबला चिकटून बसतो. त्यामुळे बसवण्यापूर्वी हबचे तोंड तारेच्या ब्रशने धातू दिसेपर्यंत घासणे, टॉर्क पान्ह्याने (ठरावीक जोर मोजून आवळणाऱ्या पान्ह्याने) आवळणे आणि पहिल्या ५०–१०० किमी.नंतर गार गाडीवर पुन्हा तपासणे हा क्रम महत्त्वाचा. स्वतंत्र नटांच्या प्रकारात आतले नट चाक काढल्याशिवाय दिसत नाहीत, आणि दुर्लक्ष नेमके तिथेच होते.

बेळगावच्या उद्यमबाग, मच्छे या औद्योगिक भागांत ओतकाम आणि लेथकाम उपलब्ध असल्याने हवा तो स्पेसर कापून घेणे कठीण नाही. ओतीव ॲल्युमिनियमपेक्षा घडीव किंवा एक्स्ट्रुजनच्या (साच्यातून दाबून काढलेल्या) सळईतून कापलेला बरा; ओतकामातली सूक्ष्म छिद्रे भेगांना वाट देतात. हबच्या मधल्या गोलावर तो नेमका बसला पाहिजे, अन्यथा वेगात थरथर येते. चाक बाहेर सरकल्याने बेअरिंगवरील तरफेचा भार वाढतो, आणि तो घाटापुरता नसतो.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी नोंदणीपुस्तक विसंगत ठरेल असा फेरफार करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ कडकपणे लावला. कलमात स्पेसरचा थेट उल्लेख नाही.