संकल्पना-गॅजेट

संकल्पना-गॅजेट म्हणजे दाखवायला, हाताळायला आणि त्यावरून वाद घालायला बनवलेलं उपकरण, जे त्या रूपात विकायचा विचार सहसा नसतो. बोलताना सगळे कॉन्सेप्ट म्हणतात, कॉन्सेप्ट फोन, कॉन्सेप्ट कार वगैरे, त्यामुळे अर्थ फार उलगडून सांगायची गरज नाही. पण कॉन्सेप्ट आणि प्रोटोटाइप यांची सरमिसळ खूप होते आणि ती टाळली पाहिजे. प्रोटोटाइपला आपण विचारतो की बाबा तू चालतोस का, आणि कॉन्सेप्टला विचारतो की तू असलास तर माणूस तुझ्याशी कसा वागेल. त्यामुळे आतून पूर्ण रिकामा असलेला पुठ्ठ्याचा डबासुद्धा उत्तम कॉन्सेप्ट ठरू शकतो, आणि टेबलावर वायरींच्या जंजाळात नीट चालणारं सर्किट कॉन्सेप्ट म्हणून काहीच सांगत नाही. मॉडेल बनवणाऱ्यांकडे म्हणूनच दिसायचं मॉडेल वेगळं आणि चालायचं मॉडेल वेगळं असतं, दोन्ही एकाच वस्तूत कोंबायची घाई केली की दोन्ही बिघडतात.

उगम : पहिलं संकल्पना-गॅजेट कोणतं यावर एकमत नाही, कारण जो तो आपल्या व्याख्येप्रमाणे सुरुवात धरतो. मोटारींच्या बाजूने आलेले लोक १९३८ च्या ब्यूक वाय-जॉबपासून सुरू करतात. जनरल मोटर्सच्या हार्ली अर्लने ही गाडी नवी रूपं आजमावून बघायला बनवली, आत लपणारे हेडलाइट, विजेवर सरकणाऱ्या काचा, आणि पुढे बरीच वर्षं तो स्वतःच ती वापरत होता. त्याआधीच्याही एकदोन गाड्यांची नावं घेतली जातात. पण गाडी शेवटी गाडीच होती, बसायचं कसं, चालवायची कशी हे लोकांना आधीच माहीत होतं, त्यामुळे गॅजेटच्या इतिहासात तिला प्रस्तावनेपुरती जागा द्यावी.

दुसरा दावा मेमेक्सचा. अमेरिकन इंजिनिअर व्हॅनेव्हर बुश यांनी जुलै १९४५ मध्ये अटलांटिक मंथली मासिकात एका टेबलाचं वर्णन केलं, आत मायक्रोफिल्मवर साठवलेली पुस्तकं आणि कागद, वर तिरके पडदे, आणि वाचणाऱ्याने दोन कागद एकमेकांना जोडायचे, जोडत जोडत एक वाट तयार करायची आणि ती वाट जपून ठेवायची. हे यंत्र कधीच बनलं नाही. काळ १९४५ लिहिला जातो खरा, पण बुशच्या कागदपत्रांवरून पहिला मसुदा १९३९ च्या सुमाराचा मानतात, त्यामुळे कल्पना युद्धाआधीची धरणं जास्त बरोबर. इथे आणखी एक गुंता आहे. ड्रेस्डेनमध्ये झाइस इकॉनमध्ये काम करणारे इमॅन्युएल गोल्डबर्ग यांनी मायक्रोफिल्मवरची नोंद प्रकाशविद्युत सेलने (प्रकाश पडला की वीज बदलणाऱ्या सेलने) शोधून काढणारं यंत्र बनवलं होतं, त्याचं अमेरिकन पेटंट १९३१ चं आहे, आणि मायकेल बकलंड यांनी १९९२ मध्ये हे सगळं पुन्हा उजेडात आणलं. त्यामुळे मायक्रोफिल्मवर झटपट शोधणं बुशच्या नावावर टाकता येत नाही. वाचणाऱ्याने स्वतःची वाट आखायची आणि ती दुसऱ्याच्या हातात द्यायची, एवढा भाग मात्र बुशचाच मानावा, गोल्डबर्गच्या यंत्रात त्याला जागा नव्हती.

तिसरा दावा डायनाबुकचा, आणि हातात धरता येणं ही कसोटी लावली तर तोच सगळ्यात भक्कम वाटतो. संगणकशास्त्रज्ञ अॅलन के यांनी १९६८ मध्ये इलिनॉय विद्यापीठात प्लाझ्माचा एक छोटासा सपाट पडदा बघितला, त्याच वर्षी सीमोर पॅपर्ट मुलांना कॉम्प्युटर कसा शिकवतात तेही बघितलं, आणि या दोन गोष्टी डोक्यात एकत्र आल्यावर वहीएवढ्या कॉम्प्युटरचं पुठ्ठ्याचं मॉडेल बनवलं. सर्किट नाही, पडदा नाही. पुठ्ठ्याच्या पोकळीत त्यांनी शिशाच्या गोळ्या ओतल्या, कमी केल्या, पुन्हा ओतल्या, आणि किती वजनापर्यंत ही वस्तू सोबत बाळगावीशी वाटते ते बघितलं. कॉम्प्युटर म्हणजे खोलीभर कपाटं असण्याच्या काळात एक माणूस त्याचं वजन मनगटावर तोलून बघतोय, ही या सगळ्या विषयातली सगळ्यात सुंदर गोष्ट आहे आणि ती जेवढी सांगितली जावी तेवढी सांगितली जात नाही.

वजनाच्या आकड्यात फरक सापडतो. खुद्द के यांनी १९९३ मध्ये लिहिलेल्या आठवणीत दोन पौंडांच्या आत असं दिलंय, म्हणजे साधारण ९०० ग्रॅम. डायनाबुकवरच्या त्यांच्या १९७२ च्या मूळ निबंधात मात्र चार पौंडांच्या आत आहे, म्हणजे १.८ किलो, आणि किंमत शक्यतो ५०० डॉलरच्या खाली. दोन्ही आकडे खरे मानायला हरकत नाही, पहिला हाताने मागितलेला आणि दुसरा त्या वेळच्या तंत्राला मान्य होईल असा. पण मग डायनाबुकचं साल कोणतं? संदर्भग्रंथांत बहुतेक वेळा १९७२ मिळतं कारण निबंध छापलेला आहे, त्यात गवतावर बसून खेळणाऱ्या दोन मुलांचं चित्रही आहे. वस्तू म्हणून बघितलं तर १९६८ जास्त पटतं, नाव तेव्हा नव्हतं एवढंच. झेरॉक्सच्या पार्क या प्रयोगशाळेत १९७३ मध्ये तयार झालेल्या ऑल्टो या कॉम्प्युटरला के यांची मंडळी हंगामी डायनाबुक म्हणायची, म्हणजे खरं डायनाबुक अजून यायचंय हे त्यांच्या मनात पक्कं होतं.

मॉडेलची कामगिरी : हीच पद्धत पुढे जेफ हॉकिन्स यांनी पामपायलट या खिशातल्या इलेक्ट्रॉनिक डायरीसाठी वापरली. शर्टाच्या खिशात मावेल एवढा लाकडाचा ठोकळा, लेखणी म्हणून तासलेली चॉपस्टिक, आणि बटणांच्या वेगवेगळ्या मांडण्या छापून ठोकळ्यावर चढवलेले कागद. मीटिंगमध्ये कुणी तारीख विचारली की ते खिशातून ठोकळा काढायचे, टोचून बघितल्यासारखं करायचे आणि परत ठेवायचे, असं बरेच दिवस. यातून जे कळतं ते ड्रॉइंगवर कळत नाही, म्हणजे दिवसातून कितीदा हात खिशाकडे जातो, किती टोचण्यांनंतर कंटाळा येतो, कोणतं बटण अंगठ्याखाली हवं. पहिला पायलट १९९६ मध्ये बाजारात आला आणि आकार जवळपास ठोकळ्याचाच राहिला. आता रेंडर, म्हणजे कॉम्प्युटरवर काढलेली वस्तूची हुबेहूब चित्रं, इतके गुळगुळीत निघतात की बऱ्याच टीम ठोकळा बनवतच नाहीत, आणि मग पडद्यावर पातळ दिसलेली वस्तू हातात घेतल्यावर कडा रुततात, हे या कामातल्या माणसाने एकदा तरी अनुभवलेलं असतं.

आवाजावर चालणाऱ्या उपकरणात तर धरायलाच काही नसतं, तिथे ठोकळ्याच्या जागी लपलेला माणूस येतो. १९८३ मध्ये आयबीएमच्या गूल्ड आणि सहकाऱ्यांनी ऐकणाऱ्या टाइपरायटरचा प्रयोग छापला. लोक माइकमध्ये बोलून पत्र लिहायचे, समोर पडद्यावर अक्षरं उमटायची, आणि ती अक्षरं खरं तर शेजारच्या खोलीत बसलेली टायपिस्ट उमटवायची. यंत्राला १००० शब्द येतात, ५००० येतात किंवा सगळेच येतात असे वेगवेगळे प्रकार करून बघितले होते. आवाज ओळखणारं तंत्र तेव्हा बाल्यावस्थेत होतं, तरी लोक त्याच्याशी कसं बोलतील ते आधीच बघता आलं.

चित्रफिती : १९८७ मध्ये ॲपलने नॉलेज नेव्हिगेटर नावाची छोटी फिल्म दाखवली, जॉन स्कली कंपनीचे प्रमुख असताना. घडीच्या पडद्यावर बो टाय घातलेला मदतनीस, प्राध्यापक त्याच्याशी बोलून लेख शोधतो, सहकाऱ्याला कॉल लावतो. कथा कोणत्या वर्षात घडते ते फिल्ममध्ये सरळ सांगितलेलं नाही, पण प्राध्यापक साधारण पाच वर्षांपूर्वीचा लेख मागतो आणि निघतो तो २००६ चा, त्यावरून २०११ च्या आसपासचा काळ धरतात. सिरी हा बोलून काम सांगता येणारा मदतनीस असलेला आयफोन ऑक्टोबर २०११ मध्ये आला, म्हणून ही फिल्म भविष्यवाणी म्हणून सांगितली जाते. तसं म्हणणं थोडं जास्त होतं, कारण फिल्ममधला मदतनीस प्राध्यापकाच्या कामाचा संदर्भ धरून ठेवतो आणि पहिल्या सिरीला ते जमत नव्हतं. वर्ष जुळलं, क्षमता नाही जुळली.

चित्रफितीचा धोका गूगल ग्लास या डोळ्यासमोर माहिती दाखवणाऱ्या चष्म्याच्या वेळी उघड दिसला. एप्रिल २०१२ च्या व्हिडिओत माहिती डोळ्यासमोर सगळीकडे तरंगताना दाखवली होती. प्रत्यक्ष चष्म्यात उजव्या डोळ्याच्या वर एक छोटा प्रिझम होता आणि कंपनीने स्वतःच सांगितलेलं माप असं की आठ फुटांवर ठेवलेल्या २५ इंची पडद्याएवढं चित्र दिसेल. याचं गणित सोपं आहे, आठ फूट म्हणजे ९६ इंच, त्या अंतरावर २५ इंचाचा कर्ण डोळ्याशी जेमतेम १५ अंशांचा कोन करतो, आणि दोन्ही डोळ्यांनी मिळून आपल्याला आडवं २०० अंशांच्या आसपास दिसत असतं. म्हणजे व्हिडिओतल्या जगाचा एक कोपरा. २०१३ मध्ये १५०० डॉलर देऊन ज्यांनी तो घेतला त्यांच्या मनात आधीचा व्हिडिओ होता, आणि जानेवारी २०१५ मध्ये त्या आवृत्तीची विक्री थांबली. कारणं बरीच होती, कॅमेऱ्याची भीती त्यात मोठी, पण या १५ अंशांबद्दल फार कमी बोललं गेलं.

सुट्या भागांचा फोन हे असंच दुसरं उदाहरण. डेव्ह हक्केन्स यांनी २०१३ मध्ये फोनब्लॉक्सचा व्हिडिओ टाकला, कॅमेरा बिघडला तर तेवढाच ठोकळा बदला, आणि कचरा वाचवायची ती तळमळ लोकांना मनापासून पटली. त्याच सुमाराला मोटोरोलामध्ये सुरू असलेलं, असाच फोन बनवायचं प्रोजेक्ट आरा पुढे गूगलकडे राहिलं. ठोकळे धरून ठेवायला सुरुवातीला इलेक्ट्रोपर्मनंट मॅग्नेट वापरायचे ठरले. यात दोन चुंबक शेजारी असतात, एकाची दिशा सहजासहजी बदलत नाही आणि दुसऱ्याभोवती कॉइल असते, कॉइलमध्ये क्षणभर करंट सोडला की दुसऱ्याची दिशा उलटते, मग पकड चालू किंवा बंद, आणि पकड टिकवायला वीज लागत नाही. कल्पना देखणी आहे, पण २०१५ मध्ये ती सोडून द्यावी लागली. खरी अडचण चुंबकाच्याही आधीची होती, कारण प्रत्येक ठोकळ्याला स्वतःचं कवच, स्वतःचा कनेक्टर आणि मधली फट लागते, आणि बॅटरीसाठी उरणारी जागा तिथेच संपते. सप्टेंबर २०१६ मध्ये आरा बंद झालं. फेअरफोन २ हा फोन मात्र २०१५ अखेर बाजारात आला, त्याने ठोकळ्यांचा हट्ट सोडून साध्या स्क्रूने भाग बदलण्याची सोय दिली आणि मूळ हेतू त्यातच जास्त जपला गेला असं म्हणावं लागतं.

इतर धारा : मार्क वायझर यांनी १९९१ मध्ये इंच, फूट आणि यार्ड अशा तीन मापांत टॅब, पॅड आणि बोर्ड अशी कॉम्प्युटरची तीन रूपं मांडली. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये ड्युरेल बिशप यांनी १९९२ च्या सुमाराला गोट्यांचं आन्सरिंग मशिन मांडलं, निरोप आला की एक गोटी घरंगळत बाहेर येते, ती खळग्यात ठेवली की निरोप ऐकू येतो, फोनवर ठेवली की त्या माणसाला कॉल लागतो. किती निरोप आलेत ते मोजायला नुसती नजर पुरते. नोकियाचा वाकणारा मॉर्फ हा कॉन्सेप्ट फोन २००८ चा, केंब्रिज विद्यापीठासोबत केलेला. अँथनी डन आणि फियोना रॅबी यांच्या कामातून टीकात्मक डिझाइन, म्हणजे प्रश्न उभे करायला वस्तू बनवणं, पुढे आलं आणि डिझाइन फिक्शन, म्हणजे काल्पनिक वस्तूंतून भविष्य मांडणं, हा शब्द ब्रूस स्टर्लिंग यांच्याकडे जातो, पण या दोन्हींत उपकरणापेक्षा चर्चाच मुख्य असते.

कायद्यात : न बनलेल्या उपकरणाचंही कायदेशीर वजन असतं, कारण डिझाइन पेटंटला (वस्तूच्या रूपावरच्या हक्काला) आव्हान देताना जुनं मॉडेल पुरावा म्हणून चालतं. ॲपल आणि सॅमसंग यांच्या खटल्यात सॅमसंगने रॉजर फिडलर यांचं नाइट-रिडरमधलं १९९४ चं वर्तमानपत्र-टॅबलेट पुढे केलं. खालच्या न्यायालयाला ते ॲपलच्या डिझाइनच्या पुरेसं जवळचं वाटलं होतं. मे २०१२ मध्ये अपील न्यायालयाने तो निष्कर्ष मान्य केला नाही, आणि कारण अगदी मॉडेल बनवणाऱ्याच्या नजरेचं दिलं, की फिडलरच्या मॉडेलची चौकट चारी बाजूंनी सारखी नाही, ती पडद्यापासून वेगळी उठून दिसते आणि काच कडेपर्यंत सलग जात नाही. ऑगस्टमध्ये ज्यूरीने गॅलॅक्सी टॅब १०.१ ने त्या टॅबलेट-डिझाइनचा भंग केलेला नाही असा निकाल दिला, पेटंट मात्र रद्द झालं नाही.